तामचिनीची छुट्टी

नामदेवरावांच्या हातून आयुष्यात चुका फार झाल्या नाहीत, आणि झाल्या त्या त्यांनी कधी कबूल केल्या नाहीत. पण त्या गुरुवारी सकाळी त्यांनी नागोरावांना जिवंतपणी छुट्टी देऊन टाकली. ही चूक झाकायला जागाच नव्हती, कारण जुन्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी ती स्वतःच फोटोसकट टाकली होती.

छुट्टी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. विद्यानगरच्या पलीकडे, आझमाबादच्या कारखान्यांच्या रांगेत एके काळी फिरदौस एनॅमल वर्क्स होतं. हे नाव फक्त पाटीवर. सगळा भाग त्याला तामचिनी म्हणायचा, कारण तामचिनीची भांडी तिथे होत. निळ्या काठाची पांढरी ताटं, चहाचे मग, दवाखान्यातले ट्रे. देगलूर, उदगीर, भालकीकडची शेती सोडून आलेली मराठी माणसं, वरंगलकडचे तेलुगू, जुन्या शहरातले मुसलमान, सगळे एकाच भोंग्यावर उठत आणि एकाच भोंग्यावर जेवत. कुणाची मुलगी कुणाच्या घरी द्यायची हेसुद्धा शिफ्टवर ठरे, कारण बी शिफ्टवाल्यांना गप्पा मारायला बी शिफ्टवालेच मोकळे सापडत. कारखाना बंद पडून वीस-बावीस वर्षं झाली. त्या जागेवर आता फंक्शन हॉल आहे आणि लग्नाच्या दिवसांत तिथे झाडांच्या बुंध्यांनासुद्धा दिव्यांच्या माळा असतात. तरी नल्लकुंट्यात म्हातारी माणसं आजही ओळख करून देताना ‘हे भट्टीवाले, हे डिपिंगवाले’ अशीच करून देतात. जात नंतर निघते, आणि पुष्कळदा निघतच नाही.

तर छुट्टी. फार पूर्वी भट्टीवर एक तरुण पोरगा कामावर असतानाच गेला. सकाळी आत येताना त्यानं कार्ड पंच केलेलं होतं, बाहेर जाण्याचा पंच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची आई तिरडीबरोबर चालत आली आणि गेटसमोर बसली. म्हणाली, माझं लेकरू अजून तुमच्या कामावर आहे, त्याला छुट्टी द्या, मग मी पुढे नेते. मॅनेजर समजूत घालत राहिला. टाइमकीपर करीमभाई उठले. आत गेले, पोराचं कार्ड काढलं, मशीनमध्ये घातलं, दांडा उजवीकडे ओढला, घंटा वाजली, आणि आउटचा शिक्का बसलेलं कार्ड त्यांनी बाईच्या हातात ठेवलं. तेव्हापासून तामचिनीचा माणूस गेला, मग तो हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो, त्याचं कार्ड पंच झाल्याशिवाय त्याला घराबाहेर काढत नसत. प्रेत जाळायचं असो की पुरायचं, छुट्टी आधी.

करीमभाईंच्या हाताखाली नामदेवराव होते. करीमभाई गेल्यावर त्यांना छुट्टी नामदेवरावांनीच दिली. कारखान्याचं सामान भंगारात निघालं त्या दिवशी ते टेम्पोपुढे आडवे उभे राहिले आणि पंचिंग मशीन आणि कार्डांचा पत्र्याचा डबा घेऊनच घरी आले. त्यांच्या बायकोनं, तारामतीबाईंनी, ते लोखंडी धूड पाहून कपाळाला हात लावला होता. नंतर त्याच त्याला आठवड्याला चावी देऊ लागल्या. करोनात कुणाच्या मौतीला जायची सोय उरली नाही, तेव्हा नामदेवरावांनी पंच केलेल्या कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. लोक हात जोडत, फुलं टाकत. करोना गेला, फोटो राहिले. खरं सांगायचं तर त्यांना त्याची थोडी चटकच लागली होती. बातमी कळली की सगळ्यात आधी आपला फोटो पडला पाहिजे, हा त्यांचा मान होता, आणि तो मिरवायला त्यांना आवडत असे.

गुरुवारी सकाळी बाग अंबरपेठेतून दूधवाल्या विकासचा फोन आला. नागोरावांची बायको पार्वतीबाई ऊर बडवून रडत आहेत, नागोराव संपले, असं त्यानं सांगितलं. नागोराव भट्टीवरचे. नामदेवराव आणि ते एकाच महिन्यात कामाला लागलेले. नामदेवरावांचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. डबा उघडला, कार्ड काढलं, दांडा ओढला, फोटो टाकला. मग ते खुर्चीत बसून रडले. आधी फोन करून विचारावं, हे त्यांना सुचलं नाही. कधी गरजच पडली नव्हती.

नागोराव संपले नव्हते. छाती दाबून दाबून त्यांच्या मुलानं, प्रबुद्धनं, त्यांचा श्वास परत आणला होता. दुपारी त्याचा फोन आला.

“काका, बाबा जिवंत आहेत,” तो म्हणाला. नामदेवरावांना इतका आनंद झाला की क्षणभर त्यांना दुसरं काही आठवलंच नाही. “पण तुम्ही इकडं या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझा फोन मागितला, अन् ग्रुप उघडला. आता ऑपरेशनला नाही म्हणूलालेत. डॉक्टर म्हणले, उद्या दुपारच्या आत झालं नाही तर आमच्या हातात काही नाही.”

स्कूटर काढून नामदेवराव दवाखान्यात पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. पार्वतीबाई दाराशी उभ्या होत्या. एरवी ‘भाऊजी’ म्हणून पुढे येणारी ती बाई नुसती बाजूला सरकली.

नागोराव उशीला टेकून बसले होते. नाकात नळी, छातीला तारा, आणि चेहरा असा शांत की त्या शांतपणाचीच धास्ती वाटावी.

“ये,” ते म्हणाले. “छुट्टी देऊन वर भेटायला आलास?”

“नागो, चूक झाली रे. विकास बोल्ला म्हणून…”

“हौ. पण पंच झाला न्हवं?”

“कागद आहे तो. फाडून टाकतो मी.”

“फाड की. कार्ड फाडल्यानं माणूस आत येतो का?”

प्रबुद्ध बँकेत अधिकारी होता. दिवसभर त्यानं स्वतःला आवरलं होतं, आता त्याचा तोल गेला. “बाबा, सगळ्या कॉलनीला तुम्ही अंधश्रद्धा सोडा म्हणून सांगितलंत. घरात कधी लिंबू-मिरची लावू दिली नाही. आजीच्या अंगात यायचं ते बंद केलंत. अन् आता एका मशीनच्या शिक्क्यावर जीव देणार?”

“देवाधर्माचं न्हाई रे हे, बाबा,” नागोराव म्हणाले. त्यांना बोलताना धाप लागत होती आणि प्रत्येक वेळी पार्वतीबाईंचा हात पुढे येऊन थांबत होता. “देवानं मला कधी कामावर घेतलं न्हवतं. तामचिनीनं घेतलं. गावात मला हाटेलात कप वेगळा होता. हितं पहिल्या दिवशी माझं कार्ड नामदेवच्या कार्डाशेजारी लागलं, एकाच फळीवर. त्या कार्डानं मी माणसात आलो. ते खोटं कसं म्हणू?”

नामदेवरावांनी मान खाली घातली होती.

“आन् ह्यानंच सांगितलेलं हाय,” नागोराव पुढे म्हणाले. “माझी लेक, राणी, झाली त्या दिवशी मी उशिरा आलो. ह्याच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. तरी ह्यानं अर्धा दिवस कापला. काय म्हणला? मशीन खोटं बोलत न्हाई, नागो.”

नामदेवरावांना ते आठवत होतं. त्या वेळी त्यांना आपण फार चोख काम केलं असंच वाटलं होतं.

“बदलीचा नियम हाय की,” ते कसेबसे म्हणाले.

म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. तामचिनीत भट्टी पेटलेली असताना आत माणसं किती, हा आकडा टाइम ऑफिसला पक्का ठेवावा लागे. चुकून एखाद्याचं कार्ड आउट झालं आणि माणूस आतच राहिला, तर तो पंच खोडायचा एकच मार्ग होता. आतल्याच दुसऱ्या कुणीतरी ती छुट्टी स्वतःच्या कार्डावर घ्यायची आणि बाहेर पडायचं. पंच वाया जात नसे, माणूस तेवढा बदलत असे. त्याला बदली म्हणत.

“बदली कोण देनार?” नागोराव म्हणाले. त्यांनी टोमणा मारला नव्हता, साधं विचारलं होतं.

“मी देतो,” प्रबुद्ध म्हणाला. “टाका माझं नाव. करा पंच. मला काही फरक पडत नाही.”

“खबरदार!” नागोराव ओरडले. उशीवरून इतके जोरात उठले की छातीच्या तारा ताणल्या आणि नर्स धावत आली. “पुन्यांदा ते तोंडातनं काढशील तर बघ.”

नर्सनं सगळ्यांना बाहेर काढलं. प्रबुद्ध भिंतीला टेकून उभा राहिला. आपल्या एका वाक्यानं बाप इतका घाबरू शकतो, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं होतं. पार्वतीबाईंनी एकदा नामदेवरावांकडे पाहिलं आणि चटकन नजर फिरवली. तुम्ही बदली द्या, असं त्या एका नजरेत होतं, आणि त्या बाईला त्याची लाजही वाटली होती. मागायची वस्तू नव्हती ती.

घरी येताना नामदेवरावांनी स्वतःला पुष्कळ समजावलं. आपण काही असल्या गोष्टी मानत नाही. छुट्टी ही गेलेल्याच्या घरच्यांसाठी, त्यांना बरं वाटावं म्हणून. शाई आणि कागद, बाकी काय? मशीनमध्ये आपलं कार्ड घालायचं, दांडा ओढायचा, ऑपरेशनच्या कागदावर नागोची सही घ्यायची. इतकी सोपी गोष्ट तिथेच का सुचली नाही, असंही त्यांना वाटलं.

मग त्यांनी डबा उघडला. इतकी वर्षं ते त्यात इतरांचीच कार्डं शोधत आले होते. स्वतःचं कार्ड तळाशी होतं. नामदेव तुकाराम सूर्यवंशी, टाइम ऑफिस. तामचिनीच्या शेवटच्या दिवशी ते सगळ्यांत उशिरा बाहेर पडले होते आणि त्या गडबडीत त्यांचा आउटचा पंच राहिला होता. ती कोरी चौकट पाहून त्यांच्या हातापायांना घाम फुटला. आपण भ्यालो आहोत हे त्यांना कळलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला. अशी कितीतरी कार्डं त्यांनी पंच केली होती, भाजी निवडावी तितक्या सहज. प्रत्येक वेळी फोटो नीट यावा म्हणून खिडकीजवळ नेऊन धरली होती.

“काय करलालाव?” तारामतीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“नागोचं कार्ड दुरुस्त करायचंय. उद्या मशीन घेऊन जातो. त्याच्या डोळ्यांदेखत केलं म्हंजे त्याची खात्री पटंल.”

“एकट्याला उचलतंय का ते? मी येते.”

नको म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही.

शुक्रवारी सकाळी मशीन जुन्या सतरंजीत गुंडाळून दोघं ऑटोत बसले. रस्ताभर ते सतरंजीतून टिकटिक करत होतं आणि ऑटोवाला आरशातून पाहत होता. दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्यानं अडवलंच.

“क्या है चाचा ये? आवाज कायकू आ रई?”

नामदेवरावांनी सतरंजी सोडली. आत घड्याळाची चकती आणि लोखंडी दांडा पाहून तो दोन पावलं मागे झाला आणि त्यानं शिट्टी तोंडाला लावली. लोक थांबून पाहू लागले. प्रबुद्ध धावत खाली आला म्हणून बरं. पहारेकऱ्याला काय सांगावं ते त्यालाही कळेना. शेवटी तो म्हणाला, पेशंटची वस्तू आहे, तिच्याशिवाय पेशंट ऑपरेशनला तयार होत नाही. तेवढंच खरं होतं. पहारेकऱ्यानं मशीन हलवून पाहिलं, वास घेतला आणि सोडलं. या सगळ्यात वेळ गेला. वर डॉक्टर दारात उभे होते आणि घड्याळाकडे पाहत होते. त्यांनी प्रबुद्धला तेलुगूत दोनच शब्द सांगितले, आता शेवटचं.

नागोराव रात्रीतून खंगले होते. ओठ निळसर दिसत होते. मशीन पलंगाजवळच्या टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांची नजर त्यावर खिळली. पार्वतीबाई त्यांच्या पायाशी उभ्या होत्या.

नामदेवरावांनी खिशातून दोन कार्डं काढली. नागोरावांचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. दुसरं स्वतःकडे ठेवलं.

“बदली आणली,” ते म्हणाले.

“कोन?”

नामदेवरावांनी हातातलं कार्ड पुढे धरलं. नागोरावांना कार्डावरचं नाव दिसलं तेव्हा त्यांचं तोंड उघडं पडलं. ते हात वर करू लागले, “नक्को, नामदेव, थांब,” असं म्हणू लागले. नामदेवरावांना भीती वाटत होती की आपण आता थांबलो तर पुन्हा हे होणार नाही. त्यांचा हात इतका कापत होता की कार्ड फटीत जाईना. दुसऱ्यांदाही गेलं नाही. तिसऱ्यांदा गेलं. त्यांनी दांडा उजवीकडे ओढला. घंटा वाजली.

मग तारामतीबाई पुढे आल्या, फटीतून कार्ड काढलं आणि वाचलं. त्यांना मराठी नीट वाचता येत नसे, शाळा उर्दूत झालेली. पण नवऱ्याचं नाव त्यांना ओळखता येत होतं.

“मला विचारलं का?” त्या म्हणाल्या.

“अगं, कागद तर…”

“कागद असता तर तुमचा हात कापला नसता. मला विचारलं का?”

नामदेवरावांनी बायकोपुढे इतक्या वर्षांत खाली पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. मग त्यांनी लाल पेन काढलं, नागोरावांच्या कार्डावरचा कालचा पंच खोडला आणि शेजारी बारीक अक्षरांत सही केली, तामचिनीत करत तशीच.

नागोराव बराच वेळ त्या सहीकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. शेवटी त्यांनी प्रबुद्धकडे हात केला. प्रबुद्धनं दवाखान्याचा कागद पुढे धरला, आणि नागोरावांनी सही केली.

पुढचं सगळं भराभर झालं. स्ट्रेचर आलं, नळ्या सुटल्या, दुसऱ्या लागल्या. बाहेरच्या बोळातून त्यांना नेत असताना पार्वतीबाई शेजारून चालत होत्या. ऑपरेशनच्या दाराशी स्ट्रेचर क्षणभर थांबलं तेव्हा नागोरावांनी मान वळवून कुणालातरी शोधलं.

“नामदेव,” ते म्हणाले. “आज स्कूटर चलवू नको रे. आटोनं जा.”

“आटोनंच आलोय.”

“जाताना बी. आन् जिन्यावरनं सांभाळून.”

दार बंद झालं. काल स्वतःच्या मरणानं हा माणूस हलायला तयार नव्हता, आणि आता छाती फाडायला नेत असताना त्याला जिन्याची काळजी पडली होती. नामदेवराव तिथल्याच बाकावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. आजवर आपण लोकांच्या हातात काय देत होतो, ते त्यांना त्या बाकावर कळलं. तारामतीबाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. हात नाही, मनगटच. रस्ता ओलांडताना पोराचं धरतात तसं.

दिवस फार हळू गेला. दार उघडलं की सगळे उभे राहत आणि कुणी दुसराच पेशंट बाहेर येई. प्रबुद्ध येरझाऱ्या घालत होता. मध्येच तो नामदेवरावांपुढे येऊन उभा राहिला आणि त्यानं पाणी आणून दिलं. नामदेवरावांना बाथरूमला जायचं होतं. तिथली फरशी ओली होती म्हणून ते गेले नाहीत. स्वतःचं हसू यावं अशी गोष्ट, पण आलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि ऑपरेशन नीट झालं म्हणाले. पार्वतीबाई मटकन खाली बसल्या. आणखी बऱ्याच वेळानं नागोराव शुद्धीवर आले, आणि एकाला आत सोडतो म्हणून नर्सनं पार्वतीबाईंना बोलावलं. त्या गेल्या आणि लगेच परत आल्या.

“भाऊजी, तुम्हालाच बोलवूलालेत. डोळे उघडले तसं तेच विचारूलालेत, नामदेव हाय का म्हणून.”

नामदेवराव आत गेले. तारामतीबाईंनी मनगट सोडलं नव्हतं, त्यामुळे त्याही गेल्या. नर्सनं एकाचे दोन झाल्याचं पाहिलं आणि दोघांनाही आत येऊ दिलं. नागोरावांना बोलवत नव्हतं. त्यांनी नामदेवरावांना डोक्यापासून पायापर्यंत निरखून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग मोठ्या कष्टानं ओठ हलवले.

“मी तर आत आलो,” ते म्हणाले. “आता तुझं कसं?”

दिवसभर नामदेवरावही स्वतःला तेच विचारत होते.

“त्यांचं मी बघते,” तारामतीबाई म्हणाल्या. “तुम्ही झोपा.”